आधी बघायला शीक, कापायचं नंतर बघू

गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की डोळ्यांचा डॉक्टर घडवताना आमचा सगळ्यात जास्त वेळ ऑपरेशन शिकवण्यात नाही तर बघायला शिकवण्यात जातो. त्या एका वाक्यावर ढीगभर मेल आले. काही विद्यार्थ्यांचे, काही त्यांच्या आईबाबांचे आणि एक पेशंटच्या मुलीचा, जरा चिडलेला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, निवडक घेतलेत. नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न: मॅडम, डोळ्यांच्या पोस्टिंगला चार दिवस झाले. ऑफथॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं यंत्र, लावून तीन पेशंट बघितले, पण लाल-नारिंगी उजेडाशिवाय मला काही म्हणजे काहीच दिसलं नाही. सरांनी विचारलं डिस्क (दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते ते वर्तुळ) दिसली का, मी हो म्हणालो. आमच्या बॅचमधले सगळेच हो म्हणाले. आता व्हायव्हात काय करू?

तू एकटा नाहीयेस, आणि हे खोटं बोलणारा पहिला तर अजिबात नाहीस. मी विद्यार्थिनी असताना सरांनी असंच विचारलं, दिसली का डिस्क? मी म्हटलं हो सर. कप, म्हणजे डिस्कच्या मधला खळगा, डिस्कच्या मानाने केवढा आहे? मी म्हटलं 0.3 सर, कारण सगळे 0.3 च म्हणायचे, नॉर्मलमधे खपून जातं. सर काही बोलले नाहीत, नुसता पेशंटच्या त्या डोळ्यावर टॉर्च मारला. बाहुली पांढरीफट्ट, पूर्ण पिकलेला मोतीबिंदू, त्यातून मागची डिस्क कुणालाच दिसली नसती, सरांनाही नाही. मी घाईघाईत डोळ्यासमोर यंत्र धरलं होतं पण डोळा बघितलाच नव्हता.

आता कामाचं. खोली अंधारी कर. पेशंटला लांबच्या एका ठिकाणी बघायला सांग आणि तुझं डोकं मधे आलं तरी तिथेच बघत राहा म्हणून सांग. पेशंटचा उजवा डोळा तुझ्या उजव्या डोळ्याने, यंत्र उजव्या हातात, डावा असेल तर सगळं डावं, नाहीतर नाकाला नाक लागतं आणि दोघंही अवघडतात. हातभर लांबून, कानाच्या बाजूने थोडा तिरका ये, साधारण 15 अंश. आधी बाहुलीत लाल चमक सापडली पाहिजे, ती न सोडता पुढे सरकत राहा. इथे सगळे लाजतात आणि अर्ध्यात थांबतात. कुलपाच्या भोकातून खोली बघताना डोळा भोकाला चिकटवावा लागतो ना, तसंच आहे हे, तुझी बोटं पेशंटच्या गालाला टेकेपर्यंत जवळ जायचं. मग चकती फिरवून फोकस कर, एखादी रक्तवाहिनी सापडेल. तिला फाटे फुटतात तिथे बाणासारखा आकार होतो, त्या बाणाच्या टोकाच्या दिशेने गेलास की डिस्कवर पोचतोस. डिस्क म्हणजे फक्त दीड मिलिमीटरचं वर्तुळ, दृष्टीची नस तिथून बाहेर पडते, आणि ती तुला साधारण 15 पट मोठी दिसत असते, त्यामुळे एका वेळी जेमतेम तेवढीच दिसणार. सुरुवातीला ड्रॉप घालून बाहुली मोठी केलेले पेशंट बघ, किंवा एकमेकांच्या डोळ्यात बघा.

हेल्महोल्ट्झने 1851 मधे हे यंत्र जगासमोर आणलं, त्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांना नीट बघताच येत नव्हता. तेव्हा तुला चार दिवसांत नाही दिसला तर फार काही बिघडलं नाही. व्हायव्हात मात्र "दिसली नाही सर" असंच म्हण. मी परीक्षक असते तेव्हा असं म्हणणाऱ्याला यंत्र परत हातात देते आणि कसं धरतोय ते बघते, त्याचे मार्क वेगळे असतात.

प्रश्न: आम्हाला थिएटरमधे कोपऱ्यात उभं करतात. मायक्रोस्कोपमधून सर्जन बघणार, आम्ही टीव्हीवर. काही विचारलं तर वेडगळ प्रश्न वाटेल म्हणून विचारत नाही. यातून काय शिकणार?

वेडगळ प्रश्नावरून एक गोष्ट. लंडनमधे हॅरोल्ड रिडली मोतीबिंदूची ऑपरेशनं करायचे, तेव्हा खराब झालेलं भिंग काढायचं आणि पेशंटला जाड भिंगाचा चष्मा द्यायचा, एवढंच होतं. असं सांगतात की बघायला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, काढलंत ते ठीक, पण त्याच्या जागी दुसरं का नाही बसवत? रिडलींना लढाईतल्या वैमानिकांचे डोळे माहीत होते. विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लॅस्टिकचे, बारीक तुकडे त्यांच्या डोळ्यात घुसून राहिले होते आणि डोळ्याने त्यांच्याविरुद्ध फार काही तक्रार केली नव्हती. 1949 मधे त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं पहिलं भिंग डोळ्यात बसवलं. आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधे भिंग बसवणं हे गृहीतच धरलेलं असतं.

बाकी टीव्हीवर बघताना नुसता डोळा बघू नकोस, सर्जनचे पाय बघ. खरंच सांगते. एका पायाखाली मायक्रोस्कोपचं पेडल, दुसऱ्याखाली फेको मशीनचं, म्हणजे मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राचं. फेकोच्या पेडलला तीन टप्पे, पहिल्यात पाणी सुरू, दुसऱ्यात ओढणं, तिसऱ्यात अल्ट्रासाउंड. पाय कुठल्या क्षणी किती दाबला जातो हे कोपऱ्यातूनच नीट दिसतं, टेबलाजवळच्या माणसाला दिसत नाही.

प्रश्न: माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. संमतीच्या कागदावर लिहिलंय की प्रशिक्षणार्थी डॉक्टर ऑपरेशनमधे भाग घेऊ शकतात. स्पष्ट विचारते, तुमची मुलं आमच्या आईवर हात साफ करणार का? तुम्ही लोक शिकता तरी कशावर?

विचारलंत ते बरं केलंत. तुमचा राग मला कळतो, आणि मी असं म्हणणार नाही की शिकणाऱ्याच्या आणि मुरलेल्या सर्जनच्या हातात फरक नसतो. असतो. म्हणूनच सगळी व्यवस्था तो फरक पेशंटपर्यंत कमीत कमी पोचावा अशी बांधलेली असते, निदान असायला हवी.

सुरुवात प्राण्यांच्या डोळ्यांवर होते, डुकराच्या किंवा बकऱ्याच्या. आम्ही त्याला वेट लॅब म्हणतो, थर्मोकोलच्या डोक्यात डोळा बसवायचा आणि मायक्रोस्कोपखाली टाके घालायचे. आमचा नायलॉनचा दोरा केसापेक्षा बारीक असतो, श्वास सोडला तरी उडतो. पहिल्या दिवशी मुलं अर्धा तास दोराच शोधत असतात. मग सिम्युलेटर, म्हणजे प्लॅस्टिकचं डोकं, नकली डोळा आणि मायक्रोस्कोपमधे दिसणारं कॉम्प्युटरचं चित्र, चूक झाली की मशीन मार्क कापतं. हे नुसतं खेळणं नाही हं. ब्रिटनमधे सिम्युलेटर आले त्या काळात, 2009 ते 2015, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनच्या ऑपरेशनांमधे भिंग ज्या पिशवीत असतं तिची मागची बाजू फाटण्याचं प्रमाण 4.2 टक्क्यांवरून 2.6 टक्क्यांवर आलं.

आणि मग थिएटर. तिथे कुणी पहिल्याच दिवशी अख्खं ऑपरेशन करत नाही. बऱ्याच ठिकाणी उलट्या क्रमाने शिकवतात, मलाही तेच पटतं. म्हणजे सगळं ऑपरेशन सीनियरने करायचं आणि शेवटची पायरी, ऑपरेशनसाठी डोळ्यात भरलेलं जेल धुऊन काढायची, ती शिकणाऱ्याला द्यायची. ती पंधरा-वीस वेळा नीट जमली की त्याच्या आधीची पायरी, भिंग घालणं. मग त्याच्या आधीची. अवघड पायऱ्या सगळ्यात शेवटी हातात येतात. लॉगबुकमधे प्रत्येक केस लिहावी लागते, कोणती पायरी कुणी केली, काय गडबड झाली, खाली सीनियरची सही. अमेरिकेत तर रेसिडेन्सी संपेपर्यंत मुख्य सर्जन म्हणून मोतीबिंदूची निदान 86 ऑपरेशनं झाली पाहिजेत असा आकडाच ठरलेला आहे.

एक पायरी जरा जवळून सांगते म्हणजे तुम्हाला कळेल आम्ही कशाला घाबरतो. भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. तिच्या पुढच्या बाजूला साधारण पाच मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं, ते कापत नाहीत, चिमट्यात पापुद्रा धरून गोल गोल फाडत नेतात. आम्ही त्याला रेक्सिस म्हणतो. फाडताना हात नेहमी वर्तुळाच्या आतल्या बाजूला ओढायचा, जरा बाहेर ओढला की फाट कडेकडे पळत सुटते, "रेक्सिस पळाला" म्हणतात त्याला, आणि पळाला की पुढचं सगळंच अवघड. पिशवीची मागची बाजू तर आणखी पातळ, मिलिमीटरचा दोनशेवा भाग म्हटलं तरी जास्तच होईल, आणि तिच्यामागे लगेच डोळ्यातला मऊ जेलीसारखा भाग. तो पुढे आला की साधं ऑपरेशन साधं राहत नाही.

शिकवणारा माणूस शेजारच्या दुर्बिणीतून हेच सगळं त्याच क्षणी बघत असतो. माझे हात अशा वेळी मांडीवर नसतात, तयार असतात. मी एकच शब्द वापरते, "थांब". थांब म्हटलं की आहे तिथे हात स्थिर ठेवायचा, दचकून हत्यार बाहेर काढायचं नाही, कारण दचकून काढण्यातच जास्त नुकसान होतं. हा शब्द आधी वेट लॅबमधे शिकवते. एका वर्षी एक मुलगी होती, हात अतिशय सुरेख, पण थांब म्हटलं की तिला अपमान वाटायचा आणि ती "एवढं झालंच आहे मॅडम" म्हणून पुढे जायची. तिला मी दोन महिने केस दिली नाही. दुसरा एक, हात जेमतेम, पण तो स्वतःच थांबायचा आणि म्हणायचा, मॅडम मला इथे कड नीट दिसत नाहीये, तुम्ही घ्या. त्याला लवकर दिली. त्याच्या बॅचमधे कुरकुर झाली, होऊ दे.

तुमच्या हातात काय आहे? विचारणं. कोण करणार, सीनियर खोलीत हजर असणार का नुसता फोनवर, आईची केस साधी आहे का अवघड. एका डोळ्याने आधीच दिसत नसेल, बाहुली नीट मोठी होत नसेल, मोतीबिंदू दगडासारखा कडक असेल तर ती केस मी शिकणाऱ्याला देत नाही, आणि कुणी देऊही नये. नको वाटलं तर नको म्हणा, त्यासाठी आईची ट्रीटमेंट कुणी बिघडवणार नाही, कुणी तसं सुचवलं तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

प्रश्न: मुलाला डोळ्यांचाच डॉक्टर व्हायचंय पण त्याचे हात जरा थरथरतात. शिवाय त्याला लाल-हिरव्या रंगात थोडा गोंधळ होतो. आत्ताच दुसरं काही बघायला सांगू का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हात सगळ्यांचेच थरथरतात, मायक्रोस्कोपखाली तर माझेही नांगरासारखे हलताना दिसतात. मनगट टेकवायला आधार असतो, करंगळी पेशंटच्या कपाळावर किंवा गालावर टेकते, हालचाल फक्त बोटांच्या टोकांतून. झोप नीट, आदल्या रात्री जागरण नाही, कॉफी कमी. एवढ्याने बहुतेकांचं भागतं. हात सतत आणि जास्तच थरथरत असतील तर मात्र एकदा डॉक्टरांना दाखवा, करिअरसाठी नाही, त्याच्यासाठी. आणि या शाखेत चाकू न धरताही भरपूर काम आहे, डोळ्याच्या आतली सूज, डोळा आणि मेंदू यांच्यामधले आजार, हे बघणारे कितीतरी तज्ज्ञ क्वचितच ऑपरेशन करतात.

रंगांचं म्हणाल तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांत साधारण एकाला असा गोंधळ असतो, त्यात डॉक्टरही आलेच. अडचण येते ती डिस्क फिकी पडलीये का, किंवा लालसर पडद्यावर लालच रक्ताचा बारीक ठिपका आहे का हे बघताना. त्याला उपाय यंत्रातच आहे, हिरवा फिल्टर लावला की रक्त आणि रक्तवाहिन्या काळ्या दिसतात. मी तर सगळ्यांनाच तो वापरायला सांगते. प्रवेशाचे नियम देशागणिक वेगळे आहेत तेवढे आधी तपासा.

तुम्ही न विचारलेली तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली, म्हणजे काय जवळ आणि काय लांब, कळते का? लहानपणी तिरळेपणा किंवा एक डोळा आळशी असेल तर नाही कळत, आणि मायक्रोस्कोपखाली हत्यार पडद्यापासून किती वर आहे हे खोलीवरूनच समजतं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आताच करून घ्या.

प्रश्न: ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्रतज्ज्ञ यांत फरक काय? दोघंही नंबर काढतात.

नेत्रतज्ज्ञ आधी पूर्ण मेडिकल करतो आणि मग त्यावर डोळ्यांचं वेगळं शिक्षण घेतो, देशाप्रमाणे साधारण तीन ते सात वर्षं, पुढे पडदा किंवा काचबिंदू असं काही खास हवं असेल तर आणखी एखाद-दोन वर्षं. ऑप्टोमेट्रिस्टचा कोर्स स्वतंत्र असतो, नंबर, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, नजरेची तपासणी. आणि खरं सांगू का, रेटिनोस्कोपी, म्हणजे बाहुलीतल्या उजेडाची पट्टी हलवून नंबर काढायची कला, मला एका ऑप्टोमेट्रिस्टने शिकवली, प्रोफेसरांनी नाही. पट्टी माझ्या हाताबरोबर हलतेय का उलटी, हे ओळखायला मला तीन आठवडे लागले.

प्रश्न: मी इंटर्न आहे, पुढे डोळ्यांकडे जाणार नाही. दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमधून नेमकं काय घेऊन जाऊ? पुस्तक भलतंच जाड आहे.

पुस्तक ठेव बाजूला. चार गोष्टी घे आणि त्या हाताने कर, वाचू नकोस.

डोळ्यात चुना, अॅसिड, साबण, काहीही गेलं की आधी धुवायचं. नाव, वय, कधी, कसं हे सगळं नंतर. साधं स्वच्छ पाणी चालतं, अर्धा तास तरी, पापण्या उलट्या करून, आणि मधे मधे पीएच पट्टी लावून बघ. अल्कली आत आत शिरत जातं म्हणून चुन्याची भीती जास्त.

बाहुल्या ड्रॉप घालायच्या आधी बघायच्या. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. उजेड आल्यावर बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होत असेल तर त्या बाजूची नस किंवा पडदा मोठ्या प्रमाणात आजारी आहे. ही एवढीशी तपासणी एमआरआयच्या आधी सांगते. पण माझ्या वॉर्डात दर वर्षी कुणीतरी उत्साही मुलगा आधी ड्रॉप घालून मोकळा होतो, की मग चार-सहा तास बसा वाट बघत, बाहुल्या दोन्ही ताटल्या झालेल्या.

लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसते असं आई म्हणाली तर तिला घरी पाठवू नकोस, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठव. डोळ्यातला कॅन्सर असू शकतो, आणि आई बहुतेक वेळा बरोबर असते.

डोकेदुखी, उलट्या आणि एक डोळा लाल, नजर धुरकट, दिव्याभोवती कडी, हे पोटाचं दुखणं नाही, काचबिंदूचा अॅटॅक असू शकतो. पापणीवरून बोटाने डोळा दाबून बघ, दुसऱ्याच्या तुलनेत गोटीसारखा लागतो.

आणि हो, कारण न कळता लाल डोळ्यात स्टिरॉइडचा ड्रॉप लिहून देऊ नकोस. हे पाचवं झालं, असू दे.

प्रश्न: मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट. आता पडद्याचा फोटो काढणारी मशीन आहेत, एआय आहे, तरी आमच्या मॅडम रंगीत पेन्सिलींनी पडद्याची चित्रं काढायला लावतात. तासन् तास जातात. खरंच गरज आहे का?

तुझ्या मॅडम मीच नाही ना, ही शंका येऊन मी दोनदा मेल वाचला.

एआयला मी नावं ठेवत नाही. डॉक्टरने फोटो न बघताही डायबेटिसचा पडद्यावरचा परिणाम सांगणाऱ्या सिस्टीमला अमेरिकेत एप्रिल 2018 मधेच मंजुरी मिळाली, आणि लाखो लोकांची तपासणी करायची तर ती लागणारच. पण ती तिच्यासमोर ठेवलेला फोटो बघते. पडद्याच्या अगदी कडेचं भोक, जे पेशंटला खाली-डावीकडे बघायला लावून, बाहेरून पांढरा भाग हलकेच दाबल्यावर दिसतं, ते बरेचदा फोटोत येतच नाही. ते तुला शोधायचंय, आणि शोधलंस का नाही हे मला तुझ्या चित्रावरूनच कळतं. चित्रात एखादी बाजू कोरी असली की समजते, तिकडे बघितलंच नाही हिने. तासन् तास म्हणतेस, ते चित्राला नाही लागत गं, बघायला लागतात.

तुझा वेळ मला वाटतं उलटं सुलटं करण्यात जात असेल. डोक्याला लावायच्या यंत्रातून आणि हातातल्या 20 डायॉप्टरच्या भिंगातून दिसतं ते सगळं उलटं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. मनातल्या मनात सुलटं करत बसलीस तर चुकणारच. कागदच उलटा ठेव, पेशंट आडवा झोपलेला, कागद त्याच्या छातीवर, बाराचा आकडा त्याच्या पायाकडे. आता भिंगात जे जसं दिसतंय ते तसंच्या तसं उतरव, कागद सुलटा धरलास की सगळं आपोआप जागेवर.

रंग ठरलेले आहेत ते बदलू नकोस, नाहीतर सकाळी ऑपरेशन करणाऱ्याचा घोटाळा होतो. जागेवर असलेला पडदा लाल, सुटलेला निळा, भोक लाल आणि त्याला निळी कड, पुढे तरंगणारं काही असेल तर हिरवं. लाल पेन्सिल सगळ्यात आधी संपते, दोन घेऊन ठेव.